नवीन पक्षी घाबरलाय की आजारी आहे? बेळगाव-वडगावच्या माडीवरच्या नोंदी

९ नोव्हेंबर, शनिवार

आज पक्षी आणले. तीन बजी (बाजारात लव्हबर्ड म्हणून विकतात ते) आणि एक कॉकटेल (कॉकटिएल, डोक्यावर तुरा असलेला लहान पोपट). बजींना रंगावरूनच ओळखणार, हिरवा, निळी आणि पिवळी. कॉकटेल करडा, नर. तिन्ही बजी मिळून ९०० रुपये, कॉकटेल १८००. गच्चीवर आधीच्या बजींची मोठी जाळी आहे, त्यात हे थेट सोडायचे नाहीत, दीड महिना माडीवरच्या खोलीत वेगळे ठेवायचे आणि रोज लिहायचं असं ठरवलंय. आपल्या भागात बेळगाव म्हणा, खानापूर, निपाणी, चिकोडी म्हणा, गाई-म्हशींचे आणि कुत्र्यांचे डॉक्टर मिळतात, पक्षी हातात धरून तपासणारे शोधावे लागतात. म्हणून आजार डॉक्टरांच्या आधी आपल्याला कळला पाहिजे, आणि तोही पक्षी खाली पडायच्या चार दिवस आधी. हे लिहिण्यामागं तेवढंच आहे, कुणी नवीन पक्षी आणणार असेल तर उपयोगी पडेल.

दुकानात आत जायच्या आधी रस्त्याच्या पलीकडे पानाच्या टपरीपाशी उभी राहून बराच वेळ पिंजरे बघितले. हे नक्की करा. माणूस जवळ गेला की सगळेच पक्षी ताठ होतात, अंग आवळतात, आजारी असला तरी तरतरीत दिसतो. शिकार होणारा जीव आहे तो, अशक्तपणा दाखवला तर रानात पहिला त्याचाच नंबर लागतो, म्हणून लपवतो. लांबून बघितल्यावर एक पांढरा बजी दुपारी चार वाजता पिसं फुगवून दोन्ही पायांवर झोपलेला दिसला, दुकानदार जवळ आला तसा लगेच सावरला. तो नाही घेतला. पिवळी सारखी दाण्याच्या वाटीत तोंड घालून होती, भूक चांगली म्हणून घेतली.

दुकानदारानं हळू आवाजात "पोपटाचं पिल्लू पण हाय, बोलायला शिकतंय" असं सांगितलं. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आणि ती पिल्लं झाडाच्या ढोलीतून काढून आणलेली असतात. नको म्हटलं आणि विषय संपवला.

आणताना भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, आत जुना टॉवेल, राळ्याचं एक कणीस. पाण्याची वाटी ठेवली नाही, सांडून पक्षी भिजतो आणि गारठतो. स्कूटरवर न आणता दादाला गाडी काढायला लावली, संध्याकाळचं वारं थंड असतं आता.

पिंजरा १४०० चा, जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेचा. नवीन तारेवर पांढरी भुकटी असते, बजी तारेला चोचीनं धरून चढतात, ती पोटात गेली तर जस्ताची विषबाधा होते. म्हणून कालच व्हिनेगर लावून ब्रशनं घासून, धुऊन उन्हात वाळवला होता. बसायला पेरूच्या फांद्या, कमी-जास्त जाडीच्या.

१० नोव्हेंबर

दिवसभर कुणीही हात घातला नाही. तीन बाजूंनी चादर, एक बाजू उघडी, पिंजरा भिंतीला टेकवून छातीच्या उंचीवर. चारही पक्षी एका कोपऱ्यात चिकटून, गप्प.

सगळ्यात आधी हा फरक डोक्यात बसवून घ्या. घाबरलेला पक्षी बारीक दिसतो, पिसं अंगाला घट्ट चिकटलेली, मान लांब, डोळे टक्क उघडे. आजारी पक्षी गोल दिसतो, पिसं फुगलेली, मान आत, डोळे अर्धे मिटलेले. घाबरलेल्याचा श्वास जोरात चालतो पण आपण खोलीबाहेर गेलो की चार-पाच मिनिटांत खाली येतो. आजाऱ्याचं उलटं, आपण समोर असतो तोवर तो बरा दिसतो आणि पाठ फिरवली की खरं रूप दिसतं. शांत बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट वर-खाली होत असेल तर ती भीती नाही, श्वासाचा त्रास आहे, त्याला उद्यावर ढकलू नका.

म्हणून आज जुना मोबाईल कपाटावर टेकवून व्हिडिओ चालू ठेवून खाली आले. खाली आल्यावर काही वेळानं हिरवा पहिल्यांदा वाटीवर उतरला, मग पिवळी. करडा दुपारपर्यंत उतरलाच नाही. हे खोलीत बसून कधीच दिसलं नसतं.

दाणे दुकानात होते तेच चालू ठेवलेत, नुसते राळे (इथल्या बाजारात नवणे म्हणून मागा, लगेच देतात). पहिल्या आठवड्यात खाणं बदलायचं नाही. जागा बदलली, माणसं बदलली, त्यात वाटीतलं पण अनोळखी झालं तर लहान पक्षी उपाशी बसतो, आणि बजीसारखा जीव एक-दोन दिवस उपाशी राहिला तर हातचा जातो.

११ नोव्हेंबर

काटा आला. स्वयंपाकघरातला डिजिटल, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, ३५० रुपये. या सगळ्या सामानात एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या.

पद्धत अशी: सकाळी वाटी भरायच्या आधी, झाकणाला भोकं असलेला प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून शून्य करायचं, खोली अंधारी करून पक्षी टॉवेलनं अलगद धरून डब्यात, आकडा लिहायचा, परत. धरताना छाती दाबायची नाही, पक्ष्याला आपल्यासारखा फुप्फुसांखालचा श्वासाचा पडदा (श्वासपटल) नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो, घट्ट धरलं तर गुदमरतो. बोटं मानेच्या दोन बाजूंना, अंग नुसतं टॉवेलात.

हिरवा ३२, निळी ३८, पिवळी २९, करडा ८४.

पिवळी हलकी आहे पण बारीक चणीची असू शकते, नुसत्या पहिल्या आकड्यावरून काही म्हणता येत नाही. आकडा रोज कुठं चाललाय ते बघायचं. एक ग्रॅम इकडं तिकडं होतो. दहा टक्के उतरलं म्हणजे बजीचे तीन ग्रॅम, तर डॉक्टर.

१२ नोव्हेंबर

खालच्या ट्रेमध्ये वर्तमानपत्र होतं ते काढून साधा पांढरा कागद घातला. छापील कागदावर विष्ठेचा रंग कळत नाही, आणि शाईच्या रेषांत ओलावा किती तेही कळत नाही.

नीट बघितलं तर विष्ठेत तीन गोष्टी असतात. हिरवट-तपकिरी बारीक वेटोळं, त्याच्यावर किंवा कडेला खडूसारखा पांढरा भाग, आणि भोवती कागदावर उमटलेलं पाण्याचं वर्तुळ. वेटोळं हा मळ, पांढरा भाग आणि पाणी मिळून लघवी. बजी दिवसाला साधारण २५ ते ५० वेळा विष्ठा टाकतो, त्यामुळं कागद मोजला की किती खाल्लं याचा अंदाज येतो. वजन करून सोडल्यावर पहिली दोन-तीन वेळची पाणीच पाणी असते, ती भीतीची, तासाभरात परत वेटोळं दिसायला लागलं तर विसरून जा. काकडी दिली तर पाणी वाढतं, बीट दिलं तर लाल होतं. काळजीचं म्हणजे पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी होणं (यकृताचा त्रास), डांबरासारखा काळा मळ (आत रक्त), अगदी थोडी आणि गडद हिरवी विष्ठा (उपाशी आहे), आणि विष्ठेत अख्खे दाणे.

आज चौघांचंही बरं दिसतंय. पिवळीखाली जरा जास्त ओलं.

१३ नोव्हेंबर, रात्री

तुळशीचं लग्न. गल्लीत लडी लागल्या आणि माडीवर धडपड ऐकू आली. करडा अंधारात पिंजऱ्यावर आदळत होता. कॉकटेलमध्ये हे फार, रात्री दचकले की आंधळ्यासारखे उडतात. लाईट लावली, बोलले नाही, हात घातला नाही, आधी त्याला दिसू दिलं कुठं बसायचं ते. शांत झाल्यावर बघितलं तर डाव्या पंखाचं एक नवीन पीस मोडलं होतं, वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते थेंब थेंब गळत होतं. ८४ ग्रॅमच्या पक्ष्यात रक्त असतंच जेमतेम आठ मिली, दहा-बारा थेंब पण थोडे नाहीत. आईनं मक्याचं पीठ आणून दिलं, चिमूटभर त्या नळीच्या टोकावर दाबून धरलं, थांबलं.

आता खोलीत झिरो बल्ब रात्रभर चालू. करड्याला उद्या स्वतंत्र पिंजरा, जुना होता तो ६०० रुपये देऊन तार बदलून घेतला. फटाक्यांच्या दिवसांत नवीन पक्षी आणणार असाल तर पहिल्या रात्रीपासून बारीक उजेड ठेवा, खर्च काही नाही.

१५ नोव्हेंबर

मोबाईलच्या व्हिडिओतून नवीनच निघालं. सकाळी आठच्या ठोक्याला तिन्ही बजी एकदम बारीक होऊन वरच्या फांदीवर जातात आणि अकरापर्यंत खाली उतरत नाहीत. अकरा ते साडेअकरा खातात, परत तेच. शेजारच्या तात्यांचे कापड विणायचे माग आमच्या माडीच्या भिंतीला लागून आहेत, आठला सुरू होतात आणि अकराला चहाला थांबतात. वडगाव-शहापुरात लहानपणापासून राहिलेल्या माणसाला मागाचा आवाज कानावर पण येत नाही. पिंजरा नेमका त्याच भिंतीला टेकवलेला, पेरूची फांदी बोटानं धरली तर थरथर जाणवत होती.

तात्यांकडं जाऊन सांगितलं. ते हसले नाहीत, आत येऊन भिंतीला हात लावून बघितला. म्हणाले, "माग तर बंद कराय येत न्हाई बाई, पण ह्या भिंतीचा एक माग पुढच्या आठवड्यात तसापण सरकवालोय, तवर तू पिंजरा पलीकडं घे बघू." पिंजरा समोरच्या भिंतीला नेला, पायाखाली जुन्या सतरंजीच्या चौपदरी घड्या घातल्या.

दुपारपासून मागाच्या आवाजातही हिरवा आणि निळी वाटीवर उतरले. भीतीचं हेच लक्षण, कारण काढून घेतलं की उतरते.

वजन: हिरवा ३१, निळी ३८, पिवळी २७, करडा ८३.

१६ नोव्हेंबर

पिवळी २६. पाच दिवसांत तीन ग्रॅम गेले.

आणि हीच पिवळी दिवसभर वाटीवर असते. व्हिडिओ हळू करून बघितला, दाणा उचलते, फोलपट सोलते, आणि अर्धे दाणे गिळतच नाही. वाटी भरलेली दिसत होती ती वरच्या फोलपटांमुळं, फुंकर मारली तर सगळं उडालं. खालच्या कागदावर वेटोळ्याऐवजी पसरट ओलं, आणि त्यात पिवळे चकचकीत, न पचलेले राळ्याचे दाणे. भिंगातून बघितलं, मोजता येतील असे. हातात धरल्यावर छातीच्या मधलं हाड बोटाला धारेसारखं लागलं, निरोगी बजीत त्याच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असतं आणि हाड जेमतेम जाणवतं. पिसांमुळं बाहेरून काहीच दिसत नाही, फोटो काढून कुणाला पाठवला असता तर "मस्त आहे की" असंच उत्तर आलं असतं.

तिला लगेच लहान पिंजऱ्यात वेगळं केलं.

दुकानदाराला फोन केला तर म्हणाला पक्ष्यांबरोबर दिलेली औषधाची पिवळी पुडी पाण्यात टाका, सगळ्याला चालते. पुडी म्हणजे टेट्रासायक्लिन. ती उघडलीच नाही. एक तर कोणता आजार ते कळल्याशिवाय अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही, बुरशी असेल तर उलट वाढते. दुसरं, पाणी कडू झालं की पक्षी पिणंच कमी करतो, आणि किती औषध पोटात गेलं ते कुणालाच कळत नाही. तिसरं, पिंजऱ्यात समुद्रफेन (माकुळाच्या आतलं पांढरं कवच) टांगलेलं असेल तर त्यातल्या कॅल्शियममुळं हे औषध अंगी लागत नाही.

जवळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर कन्नड बोलणारे, भले माणूस, त्यांनी स्पष्टच सांगितलं, "म्हशीचं विचारा सांगतो, एवढ्याशा पक्ष्याचा डोस मी अंदाजानं देणार नाही." यात अर्धा दिवस गेला पण त्यांचं सांगणं मला पटलं. त्यांनीच कोल्हापूरला पक्षी बघणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर मिळवून दिला. वेळ सोमवारची.

१७ नोव्हेंबर

रविवार कसा काढायचा हा प्रश्न. आजारी पक्ष्याला सगळ्यात आधी ऊब, कारण त्याच्या अंगाचं तापमानच ४० च्या वर असतं आणि एवढ्याशा अंगातून ती ऊब भराभर जाते, खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच संपतं. पहाटे खोलीत १८ होतं.

आधी ६० वॉटचा बल्ब पिंजऱ्याशेजारी लावला. तापमान बरोबर आलं पण प्रखर उजेडात ती झोपेना, तारेकडं सरकून डोळे मिटत होती आणि उघडत होती. मग आईनं सुचवलं, कोंबडीच्या पिल्लांना मडक्यात बल्ब ठेवायचो तसं कर. ४० वॉटचा बल्ब लहान मातीच्या मडक्यात उपडा टांगला, मडकं पिंजऱ्याच्या एका टोकाला बाहेरून चिकटवून. उजेड नाही, मडकं तापतं आणि हळूहळू ऊब देतं. पिंजऱ्याचा अर्धाच भाग गरम ठेवायचा, म्हणजे उकडलं तर ती पलीकडं जाईल. तापमापक २५० चा, गरम टोकाला ३० ठेवलं. पक्षी पंख अंगापासून लांब धरून तोंड उघडून धापा टाकायला लागला तर ते जास्त झालं. फांदी खाली आणली, अगदी जमिनीपासून चार बोटं, वाटी फांदीच्या शेजारी. दुपारी लाईट गेली तेव्हा गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवली.

ऊब मिळाल्यावर संध्याकाळी पिसं खाली बसली आणि ती बरी झाल्यासारखी दिसायला लागली. हे बरं होणं नव्हे, सकाळचा आकडा २५ होता.

१८ नोव्हेंबर

कोल्हापूर. दादाची गाडी, निपाणी-कागल मार्गे, खोक्याला आतून बाटलीची ऊब. सोबत वजनाचा कागद, व्हिडिओ, आणि ताज्या विष्ठेचे कागद तिन्ही बजींचे वेगवेगळे, प्लास्टिकच्या पिशवीत ओले राहतील असे. डॉक्टरांनी पक्ष्याच्या आधी कागद मागितले. विष्ठा काचेवर पाण्याच्या थेंबात पातळ करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मलाही दाखवली, सरळ लांब काड्या, आडव्या-तिडव्या पडलेल्या. मॅक्रोऱ्हॅब्डस, पोटातली बुरशी. पुढचं जठर आणि दाणे दळणारं जठर यांच्या सांध्याशी बसते, दाणे दळले जात नाहीत, पक्षी दिवसभर खातो आणि वाळत जातो. बजींमध्ये भरपूर सापडते, विष्ठेतून पसरते.

मग दुसरी काच. निळीच्या विष्ठेतही त्याच काड्या, कमी. निळीचं वजन जागच्या जागी, खाणं उत्तम, बाहेरून एक लक्षण नाही. हिरव्याच्या कागदावर काही सापडलं नाही पण तो त्यांच्याच पिंजऱ्यात होता. गच्चीवरच्या जाळीत निळीला पहिल्याच दिवशी सोडली असती तर ती तिथं महिनोन्‌महिने ही बुरशी वाटत बसली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

औषध ॲम्फोटेरिसिन बी, तिघांनाही, दिवसातून दोनदा थेट तोंडात, पाण्यात घालून नाही. डोस वजनावर असतो म्हणून इथं लिहीत नाही, दुसऱ्याच्या पक्ष्याचा आकडा बघून देऊ नका. तपासणी आणि औषध १६५० रुपये. औषध फ्रिजमध्ये, उजेडापासून लांब.

२१ नोव्हेंबर

औषध देण्यात वेळ जातो. सुई काढलेली १ मिलीची सिरिंज, चोचीच्या बाजूनं, एक थेंब, ती जीभ हलवून गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर श्वासनळीत जातं. हिरवा पहिल्या दिवशी चावला, आता टॉवेल बघूनच बारीक होतो. औषधानंतर तिघांनाही तासभर एकटं सोडते.

पिवळी २५ वरच. उतरायचं थांबलं. विष्ठेत दाणे अजून आहेत, कमी.

उदबत्तीचा विषय निघाला. देवघर जिन्याच्या खालीच, धूर सरळ माडीवर येतो. आई म्हणाली, "कार्तिकात देवाला उदबत्ती लावायची न्हाई म्हणतीस काय?" नाही म्हणाले नाही, जिन्याचा दरवाजा बंद ठेवायचा आणि सकाळी खिडकी उघडायची एवढं ठरलं. पक्ष्याच्या फुप्फुसांच्या जोडीला अंगभर हवेच्या पिशव्या असतात, हवेतलं काहीही आपल्यापेक्षा त्याला लवकर लागतं. डास मारायची कॉइल तर माडीवर आणायचीच नाही. आणि नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला की त्यातून येणाऱ्या वाफेनं पक्षी काही मिनिटांत मरतो, आपल्याला वासही येत नाही. आमचा बिडाचा तवा आहे, ज्यांच्याकडं नॉनस्टिक आहे त्यांनी पक्षी स्वयंपाकघराजवळ ठेवू नयेत.

२९ नोव्हेंबर

सकाळी निळी पिंजऱ्याच्या तळाशी, पिसं फुगवून. मन घट्ट करून आधी काट्यावर ठेवली, ४१. परवा ३८ होती. आजारी पक्षी दोन दिवसांत तीन ग्रॅमनं वाढत नाही. उताणी धरून बघितलं, शेपटीखाली फुगलेलं, आणि कागदावर नेहमीच्या बारीक वेटोळ्यांऐवजी एक मोठा, घाण वासाचा लगदा. अंडं.

अंडं अडकणं हे मादीच्या मरणाचं कारण ठरू शकतं, विशेषतः थंडीत आणि कॅल्शियम कमी असेल तर. तिला मडक्याच्या पिंजऱ्यात घेतली (पिवळीला तात्पुरती बाटली), गरम पाण्याचं पातेलं खाली ठेवून हवा दमट केली, पोट दाबलं नाही, तेल-बिल काही नाही. शेजारच्या काकी एरंडेल लावायला सांगत होत्या, पिसं तेलकट झाली की पक्ष्याला ऊब धरता येत नाही, त्यांना समजावून सांगितलं. डॉक्टरांना फोन करून ठेवला, दुपारपर्यंत नाही झालं किंवा शेपूट मारून कुंथत राहिली तर गाडी काढायची. साडेबाराला अंडं पडलं. दोनला ती राळे खात होती. संध्याकाळी वजन ३८.

आता दिवसाचा उजेड कमी केलाय, संध्याकाळी सहाला चादर. घरट्यासारखा कुठलाही अंधारा कोपरा, डबा, मडकं आत नाही. समुद्रफेन दोन ठिकाणी, शेवग्याचा पाला रोज.

३ डिसेंबर

आईला ताप आणि कोरडा खोकला. पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक आजार आहे, सिटॅकोसिस, सुकलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेली की होतो, सुरुवात ताप, डोकेदुखी आणि कोरड्या खोकल्यानंच. घरात नवीन पक्षी आहेत हे डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, ते विचारत नाहीत. सांगितलं, त्यांनी छातीचा फोटो काढला, निघाला साधा सर्दी-ताप. तरी माडीवर आता आईनं यायचं नाही, आणि कागद उचलायच्या आधी पाण्याचा फवारा मारून ओला करायचा, कोरडं झाडायचं नाही, तोंडाला मास्क. गच्चीवरच्या जुन्यांना आधी दाणापाणी, मग माडीवर, उलट्या क्रमानं कधीच नाही. परसात कोंबड्या असतील तर त्यांनाही हाच नियम लावा, रानीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) कपड्याला आणि चपलेला लागून फिरतो.

९ डिसेंबर

हिरव्याच्या चोचीच्या कोपऱ्यात पांढरट खरखरीत थर. भिंगातून बघितल्यावर मधमाशीच्या पोळ्यासारखी बारीक भोकं. खरजेचे किडे, कातडीत घर करतात. फोटो कोल्हापूरला पाठवला, आयव्हरमेक्टिनचा थेंब मानेवर, पुढच्या वेळी गेल्यावर त्यांनीच टाकायचा ठरलं. एवढं लवकर दिसलं कारण रोज हातात येतोय. वाढू दिलं असतं तर चोच वाकडी वाढते.

वजन: हिरवा ३३, निळी ३८, पिवळी २७, करडा ८८.

करड्याचं मोडलेलं पीस आपोआप गळून नवीन येतंय. आता मी खोलीत असतानाही एका पायावर झोपतो. एक पाय पोटात घेऊन झोपणं हे चांगलं लक्षण, दोन्ही पायांवर फुगून झोपणं वाईट.

२४ डिसेंबर

दुसरी तपासणी झाली. करडा स्वच्छ, तो आजपासून खालच्या खोलीत स्वतःच्या पिंजऱ्यात राहील. हिरवा आणि निळीच्या विष्ठेत काड्या नाहीत. पण ही बुरशी रोज बाहेर टाकली जात नाही, एका कागदावर नाही दिसली म्हणजे गेली असं नाही, म्हणून डॉक्टरांनी आणखी साधारण पंधरा दिवस थांबून सलग तीन दिवसांचे कागद मागितलेत. गच्ची तोवर बंद. पिवळी २८, विष्ठेत अख्खे दाणे नाहीत, काचेवर दोन-चार काड्या अजून आहेत, तिचं औषध चालू. ती कायमची वेगळीच राहिली तरी चालेल, सोबतीला निळीला ठेवता येईल असं डॉक्टर म्हणाले, दोघींना एकच आजार होता.

आत्तापर्यंतचा खर्च, पक्षी २७००, दोन पिंजरे २०००, काटा आणि तापमापक ६००, डॉक्टर आणि औषधं मिळून २९००, पेट्रोल वेगळं. पक्ष्यांच्या किमतीपेक्षा जास्त पैसे ठेवूनच दुकानात जा.

पुढचे कागद ६, ७ आणि ८ जानेवारीचे. प्रत्येक कागदावर पक्षी आणि तारीख पेन्सिलीनं लिहा, पेनाची शाई ओल्या कागदावर पसरते आणि मग कुठला कुणाचा ते कळत नाही.